साखरपुड्याच्या अंगठीचा खडा घेताय? मग या चुका तरी टाळा

मी गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, खडे बसवतो. दुकान नाही आपलं, दुकानांच्या मागच्या बोळातली खोली, तिथं वडील बसायचे आता मी बसतोय. तुळशीचं लग्न झालं की रांग लागते, आणि दरवर्षी पोरं नवी असली तरी अंगठीत करून आणलेला घोळ तोच असतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोबाईलमधला फोटो बघून खडा ठरवायचा. खडा हाताला बघून घ्यायचा असतो हो. आणि हात म्हणजे मेहंदी काढलेला हात नव्हे, मंगळवारी सकाळी जो हात कामाला लागतो तो हात. तो दिवसभर काय करतोय हे आधी मला सांगा, मग आपण रंगावर बोलू.

दोनेक वर्षांपूर्वी एक पोरगा आला, इन्स्टावर हिरव्या चौकोनी खड्याची अंगठी बघितलेली, पाचूच पाहिजे म्हणून हटून बसला. म्हटलं मुलगी काय करते? तर डेंटिस्ट. म्हटलं भावा पाचू नको, नीलम घे, नाहीतर हिरा घे. पाचू कठीणतेच्या मापात दहापैकी साडेसात ते आठ आहे, तसा वाईट नाही, पण तो ठिसूळ, आणि बहुतेक सगळ्या पाचूंच्या आत बारीक भेगा असतात. त्या दिसू नयेत म्हणून त्यात तेल भरतात, सीडरचं तेल वगैरे, यात फसवाफसवी काही नाही, सगळ्या जगात चालतं, फक्त गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे. मी सांगितलं. त्यानं "हो हो" केलं आणि पुढं तिला काही सांगितलंच नाही!

साखरपुडा झाला, फोटो झाले. तीन महिन्यांनी मुलगी स्वतः आली, कागदात गुंडाळलेली अंगठी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "काका, यात पांढरं काय झालंय?" भिंगातून बघितलं तर खड्यात एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत कोळ्याचं जाळं. मी विचारलं धुतली कशात? तर क्लिनिकमधल्या अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये! तिची हत्यारं त्यातच धुतात, तिला वाटलं अंगठी पण निघंल चकचकीत. तिचं काय चुकलं? हिरा असता तर बहुतेक वेळा चाललं असतं. पण पाचूला ते मशीन म्हणजे काळ, थरथरून तेल बाहेर येतं आणि असलेली भेग वाढते. जयपूरला पाठवून परत तेल भरून आणलं, रंग बराचसा आला, पण वाढलेली भेग काही परत जात नाही. आता ती अंगठी कपाटात आणि रोज घालायला साधी सोन्याची. पाचू घ्यायचाच असेल तर घ्या, लई देखणा खडा आहे, पण कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश, एवढंच. आणि चारी बाजूंनी सोन्याची कड येईल असं बंद कोंदण करा, नुसत्या चार चिमट्यांवर ठेवू नका.

कठीणतेचं माप म्हणजे मोहस स्केल, १८१२ सालचं. सगळं पाठ करायची गरज नाही, सातचा आकडा तेवढा लक्षात ठेवा. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, ते क्वार्ट्झचे, त्यांची कठीणता ७. म्हणजे सातच्या खालचा खडा तुम्ही नुसता रुमालानं पुसला तरी धुळीनं चरे पडतात, एका दिवसात नाही पण दोन वर्षांत चमक गेलेलीच असते. मोती अडीच ते साडेचार, पोवळं साडेतीनच्या आसपास, ओपल साडेपाच ते साडेसहा. हे कानात घाला, गळ्यात घाला, रोजच्या अंगठीत नको. माणिक, नीलम, पुष्कराज (म्हणजे पिवळा नीलम) तिघं ९. हिरा १०, पण म्हणून त्याच्यावर वरवंटा आपटायचा नाही, कठीण असणं वेगळं आणि न फुटणं वेगळं, हिऱ्याचा पण टवका उडतो, मी बघितलाय.

दुसरी माझी लाडकी चूक, स्वस्तातलं मोठं माणिक. चार-पाच कॅरेटचा लालभडक खडा, किंमत एकदम परवडणारी, आणि सोबत "ओरिजिनल आहे" असं तोंडी सर्टिफिकेट. खोटं पण म्हणता येत नाही, कारण दगड खरा असतो, फक्त त्याच्या भेगांत शिसं मिसळलेली काच भरलेली असते. मी पंधरा-एक वर्षांपूर्वी अशाच एका अंगठीची साईज वाढवायला घेतली. खडा न काढता डाक दिला, म्हणजे आचेवर सोन्याचा जोड दिला, घाई होती, संध्याकाळी साखरपुडा. फुंकणीची आच लागली आणि खड्यावर फोड आल्यासारखे बुडबुडे, कडेची काच वितळून बाहेर. वडील जवळच बसलेले. काही बोलले नाहीत, उठून पेटीतनं पैसे काढून त्या माणसाच्या हातात दिले आणि परत आपल्या कामाला बसले. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून साईज करायची असो नाहीतर चिमटा दुरुस्त करायचा असो, आधी खडा काढणार, मग आच. वेळ लागतो. ज्याला वेळ नाही त्यानं दुसरीकडं जावं, मी स्पष्ट सांगतो.

आणि हे काचेचं माणिक आगीनंच जातंय असं पण नाही, लिंबाच्या रसानं सुद्धा त्यातली काच खराब होते. आता आपल्याकडं मिसळीवर लिंबू पिळल्याशिवाय घास उतरत नाही, म्हणजे बघा. ओळखायचं कसं, तर दहा पटीचं भिंग घ्यायचं आणि खडा हळूहळू फिरवायचा, भेगांत निळसर झाक चमकून जाते आणि बारीक गोल बुडबुडे दिसतात. ते जमत नसेल तर मोठ्या खड्याला लॅबचा रिपोर्ट मागा, जीआयए किंवा आयजीआयचा, आणि त्यात ट्रीटमेंटच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. रिपोर्ट फ्रेम करून ठेवतात लोकं पण वाचत नाहीत.

हॉलमार्क आहे म्हणजे खडा पण खरा, असं समजणारे आठवड्याला दोन तरी भेटतात. हॉलमार्क आणि तो सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख नंबर, सोन्याचा आहे, खड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

बिलात निव्वळ सोन्याचं वजन आणि खड्याचं वजन वेगळं लिहून घ्या. खड्याचे पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. खड्यासकट अंगठी काट्यावर ठेवून सगळ्याला सोन्याचा भाव लावला तर तुम्ही दगडाला सोन्याचे पैसे मोजताय. एका ठिकाणी असंच झालेलं, विचारलं तर म्हणाले नजरचुकीनं. बरं.

बावीस कॅरेट सोन्यात खडा धरणारे चिमटे करायचा हट्ट नको, मऊ पडतात आणि खडा हलायला लागतो, अठरा घ्या. आजीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

लॅबमध्ये तयार केलेला हिरा खोटा नाही, तोही कार्बनच, पण विकायला गेलात तर फार काही हातात येणार नाही, हे माहीत असून घेताय तर खुशाल घ्या. आणि तो हिरा तपासायचा टेस्टर पेन "पीप" वाजला म्हणून नाचू नका, साध्या टेस्टरला मोइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा, पण हिराच वाटतो आणि लॅबचा हिरा का खाणीतला हे तर त्याला अजिबातच कळत नाही.

दुकानातल्या लाइटखाली कोळसा पण चमकतो. मी गिऱ्हाइकाला खडा घेऊन बोळाच्या तोंडाशी, उन्हात नाही, सावलीत उभं करतो आणि पाच मिनिटं गप्प बसतो. दुकानदार दाराबाहेर खडा न्यायला कुरकुर करत असेल तर मी तरी तिथं घेणार नाही.

नीलम लाभतो का बघायला उशाशी ठेवून झोपणारे पण येतात. त्यात मी पडत नाही, पण बघून झालं असेल तर साखरपुड्याच्या आधी निदान पंधरा दिवस या.

साईजचं राहिलंच. सरप्राईज द्यायचंय म्हणून तिची जुनी अंगठी चोरून आणतात आणि ती निघते मधल्या बोटाची. तिच्या बहिणीला विचारा, एक आईस्क्रीम लागंल फार तर. आणि माप दुपारनंतर घ्या, सकाळी गारठ्यात बोट बारीक असतं. गेल्या मे महिन्यात एकाची अंगठी भर मांडवात पेरापाशी अडकली, साबण आणला, तेल आणलं, शेवटी भटजींनी करंगळीत घालायला लावली. फोटोत करंगळीच आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दोघं माझ्या खोलीत.