आरएसएने मोठी फाईल एन्क्रिप्ट होत नाही, तेव्हा

पब्लिक की (एन्क्रिप्ट करायची, कोणालाही देता येणारी की) हाताशी आहे म्हणून अख्खी फाईल थेट आरएसएला (पब्लिक-प्रायव्हेट की-जोडीवर चालणारी एन्क्रिप्शनची पद्धत) दिली, की कोड 'डेटा फार मोठा आहे' म्हणून एरर फेकतो. २०४८ बिटांच्या कीने, ओएईपी (डेटाला जोडायची भर, म्हणजे पॅडिंग) आणि एसएचए-२५६ हॅश वापरून, एका वेळी जेमतेम १९० बाइट मावतात. फाईलचे तुकडे करत बसू नका (मीही तो उद्योग करून पाहिलाय).

१. दर फाईलसाठी ३२ बाइटांची नवी रँडम की तयार करा. साधे रँडम फंक्शन नको, क्रिप्टो लायब्ररीतलेच घ्या.
२. त्या कीने फाईल एईएस-जीसीएमने (एकाच कीने बंद-उघड करणारी पद्धत) एन्क्रिप्ट करा. नॉन्स (एका कीबरोबर एकदाच वापरायचे मूल्य) १२ बाइटांचा.
३. आरएसएने फक्त ती ३२ बाइटांची की एन्क्रिप्ट करा.
४. एकाच फाईलमध्ये क्रमाने लिहा: एन्क्रिप्ट केलेली की (२५६ बाइट), नॉन्स, डेटा, शेवटी १६ बाइटांचा टॅग (डेटात फेरफार झाला नाही ना, हे तपासायची जीसीएमची खूण).

उघडताना उलट: प्रायव्हेट कीने आधी एईएस की सोडवायची, मग तिने डेटा. टॅग जुळला नाही तर हाती आलेला डेटा सरळ फेकून द्या.

एक सांभाळा: त्याच कीबरोबर तोच नॉन्स पुन्हा कधीही वापरू नका. जीसीएममध्ये ही चूक फार महागात पडते, आणि एररही येत नाही.