पीपीएफ फाटली? दुरुस्त करताना या चुका टाळा

पीपीएफ म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म (पेंट प्रोटेक्शन फिल्म). पुढच्या ट्रकच्या चाकातून खडी उडते, बंपरच्या फिल्मला भोक पडतं. इथवर नुकसान किरकोळ असतं. मोठं नुकसान होतं ते पुढच्या रविवारी, मालक व्हिडिओ पाहून कोपऱ्यात नख घालतो आणि फिल्म सोलायला बसतो तेव्हा. म्हणून सगळ्यात महाग पडणारी चूक आधी.

खालचा रंग न तपासता फिल्म ओढणं

कारखान्यातला रंग साधारण १४० अंशांना भाजलेला असतो. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानातला रंग रंगाचा तापवता येणारा बंद बूथ असेल तर ६० अंशांना वाळतो, नसेल तर नुसत्या हवेवर. कारखान्याच्या रंगावरून फिल्म नीट काढली तर सहसा काही होत नाही. दुकानातल्या रंगाची हमी कुणी देऊ नये, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

नेहमीचा प्रकार बघा. सेकंडहँड घेतलेली पांढरी सेदान. पुढचा बंपर आधीच्या मालकाने विम्याच्या क्लेममध्ये रंगवून घेतलेला, नव्या मालकाला त्याचा पत्ता नाही. फिल्मची खडीने चाळण झालेली. डिसेंबरची सकाळ, हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) हाताशी नाही, पण एक कोपरा सुटला म्हणून उत्साहात जखमेवरची पट्टी हिसकावी तशी फिल्म समोर खेचली. फिल्मबरोबर तळहाताएवढा रंग निघाला आणि खालचं काळं प्लास्टिक उघडं पडलं. आता आधी पूर्ण बंपर रंगवायचा, मग किमान ३० दिवस थांबायचं, कारण ताज्या रंगातलं सॉल्व्हंट उडून जाण्याआधी वर फिल्म चढवली तर ते आत कोंडतं, फुगे येतात आणि पुढच्या वेळी फिल्मबरोबर रंगही सुटतो. पावसाळ्यात तर ३० दिवसही मला कमीच वाटतात.

तपासायचं कसं? पत्र्यावर थिकनेस गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावा. कारखान्याचा रंग बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉन भरतो. गेज फिल्मसकट जाडी दाखवतो, त्यामुळे आकड्यातून फिल्मचे १५० ते २०० मायक्रॉन वजा करा आणि फिल्म नसलेल्या छताशी तुलना करा. बरेच जण हा आकडा वजा करायला विसरतात आणि चांगल्या बॉनेटला रीपेंट ठरवतात. प्लास्टिकच्या बंपरवर साधा गेज चालतच नाही. तिथे हेडलाइटच्या कडेला, रबरावर आणि ग्रिलच्या आत रंगाचे तुषार शोधा, सर्व्हिस रेकॉर्ड मागवा. शंका आली तर फिल्म काढण्याआधी मालकाला धोका सांगा, तोही लेखी.

काढताना फिल्म ५५-६० अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर तळहात दोन-तीन सेकंदच टेकवता येईल इतकी गरम. हीट गन एका जागी धरू नका, ओंजळीएवढ्या भागावर फिरवत ठेवा. मग फिल्म मागे दुमडून पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून सावकाश ओढा. सरळ समोर, काटकोनात ओढली की सगळा ताण रंगावर येतो. मागे गोंद राहायला लागला तर तुम्ही घाई करताय किंवा फिल्म थंड झाली आहे. थांबा, पुन्हा तापवा. एका बॉनेटला तास-दीड तास लागला तर लागू द्या. इतका धीर नसेल त्याने गाडी दुकानात द्यावी.

राहिलेल्या गोंदावर अॅडहेसिव्ह रिमूव्हर मारा, वर प्लास्टिकची पातळ शीट पाच मिनिटं ठेवा आणि प्लास्टिकच्या पात्याने काढा. थिनर नको, तो रीपेंट मऊ करतो. पेट्रोल आणि रॉकेलही नको. त्यांचा तेलकट थर राहिला तर नवी फिल्म धरत नाही.

ठिगळ लावणं

बॉनेटच्या मधोमध चार इंचाचं ठिगळ लावून मागणारे खूप आहेत. ते दिसतंच. जुन्या फिल्मची चकाकी उतरलेली असते, ती थोडी पिवळसरही झालेली असते आणि जोडाच्या रेषेत दोन महिन्यांत काळी धूळ बसते. पूर्ण गाडीची फिल्म बदलायची गरज नसते, पण एक पॅनेल अख्खं बदला. हँडलमागची खोलगट जागा, दाराची कड, चाकामागची खालची पट्टी या ठिकाणी ठिगळ चालतं, कारण तिथे कुणी निरखून बघत नाही.

त्याहून वाईट म्हणजे फिल्म गाडीवरच ब्लेडने कापणं. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, आणि फिल्म कुठे संपली हे पात्याला कळत नाही. नवी फिल्म लावण्याआधी खाली नाइफलेस टेप (आतल्या बारीक दोऱ्याने फिल्म कापणारी टेप) टाका किंवा प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग यंत्रावर कापलेला तुकडा आणा.

बाकीच्या, थोडक्यात

उचललेल्या कडेला फेविक्विक लावू नका. गोंदात एकदा धूळ बसली की ती कड परत चिकटत नाही, वरून फेविक्विक रंगावर पांढरट डाग सोडतं.

सेल्फ-हीलिंग, म्हणजे उष्णतेने ओरखडे आपोआप भरून येण्याचा फिल्मचा गुण, म्हणजे जादू समजू नका. ती फक्त वरच्या थरातले बारीक ओरखडे भरते. गरम पाणी ओतूनही चर राहिली, तर फिल्म कापली गेली आहे. स्वस्त पीव्हीसी फिल्ममध्ये तर हा गुण सहसा नसतो.

भोकाखाली पत्रा उघडा पडला असेल तर ‘नंतर बघू’ म्हणू नका, विशेषतः कोकणात आणि गोव्यात. गंज फिल्मखाली पसरतो आणि बराच पसरेपर्यंत दिसत नाही.

सिरॅमिक कोटिंग असलेल्या रंगावर थेट फिल्म नको. आधी पॉलिश करून कोटिंग उतरवा, नाहीतर महिन्यात कडा सुटतील.

नवी फिल्म लावताना ती सरकावी म्हणून मारायच्या शॅम्पूवर हात आवरता ठेवा. एक लिटर पाण्यात कंडिशनर नसलेल्या बेबी शॅम्पूचे काही थेंब पुरतात. कडांना मात्र लिटरभर पाण्यात १००-१५० मिली आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घालून ते मारा, म्हणजे गोंद पकडतो. भर उन्हात काम करू नका. पाणी स्क्वीजीने (पाणी बाहेर दाबायच्या पट्टीने) काढण्याआधीच सुकतं आणि गोंदाच्या रेषा उमटतात.

लावल्यावर दिसणाऱ्या पाण्याच्या बारीक फुग्यांना सुई टोचू नका, ते दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातात. हवेचा फुगा जात नाही. तो एकच असेल तर इन्सुलिनच्या सुईने कडेला टोचून हवा बाहेर दाबा.

पहिले सात दिवस गाडी धुऊ नका. सोसायटीत रोज सकाळी फडकं मारणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. त्यानंतरही प्रेशर वॉशरची नळी कडेपासून किमान फूटभर लांब धरा, आणि पाणी फिल्मच्या बाजूने कडेकडे मारा, कडेच्या आत नको.