ट्रॅव्हल ट्रेलरच्या छतावरील तुंबलेला व्हेंट पाईप कसा मोकळा करावा

गोडेतेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आपण त्याला एकच भोक कधी पाडत नाही. एका कोपऱ्यात तेल ओतण्यासाठी आणि समोरच्या कोपऱ्यात हवा आत जाण्यासाठी अशी दोन भोके पाडली तरच धार सलग पडते. नाहीतर डबा आचके देत राहतो आणि तेल ओट्यावर सांडते. अमेरिका-कॅनडात गाडीमागे जोडून नेल्या जाणाऱ्या ट्रॅव्हल ट्रेलरमधील सांडपाण्याच्या टाक्यांनाही असेच दुसरे भोक लागते. टाकीच्या माथ्यातून निघालेला, साधारण दीड इंच व्यासाचा काळा प्लॅस्टिकचा पाईप भिंतीच्या पोकळीतून किंवा कपाटामागून वर चढतो आणि छतावर एका लहानशा टोपीखाली उघडतो. हाच व्हेंट पाईप. टाकी भरत असताना आतली हवा व वायू याच वाटेने बाहेर पडतात आणि टाकी रिकामी करताना बाहेरची हवा याच वाटेने आत येते.

ही वाट बुजली की सिंकमधून बुडबुड्यांचा आवाज येऊ लागतो, शॉवरचे पाणी पायाशी साचते, कमोडच्या तळाची झडप उघडणारे पेडल दाबताच दुर्गंधीचा झोत थेट तोंडावर येतो. अशा वेळी बहुतेक मंडळी टाकीत घालायच्या रसायनाची बाटली आणतात. आमचाही एक अख्खा उन्हाळा त्या बाटल्या रिकाम्या करण्यात गेला. रसायनाने मैला सुटा होतो, वास थोडा दबतो. पण हवेची वाट काही उघडत नाही. ती उघडण्याचे काम बहुधा तासाभराचे असते. त्याआधीचे निदान आणि त्यानंतरचे छताचे सीलबंद काम यांना मात्र घाई चालत नाही.

बिघाड नेमका कुठे आहे?

ट्रेलरमध्ये सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. सिंक आणि शॉवरचे पाणी ग्रे टाकीत जाते, कमोडचे ब्लॅक टाकीत. दोन्हींचे व्हेंट सहसा वेगवेगळे असल्याने कोणता तुंबला आहे हे शिडी काढण्यापूर्वीच कळू शकते. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या जागी, ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह उघडून मैला वाहू द्यावा आणि त्याच वेळी आतल्या माणसाला कमोडचे पेडल दाबून धरण्यास सांगावे. पेडल दाबताच बाहेरचा प्रवाह एकदम जोरात वाहू लागला, तर टाकीला वरून हवा मिळत नव्हती आणि ती आता कमोडमधून मिळाली, असा त्याचा सरळ अर्थ होतो. पेडल दाबूनही प्रवाहात फरक पडला नाही, तर टाकीत मैला साचून घट्ट झाला असण्याची शक्यता अधिक असते आणि त्यासाठी छतावर चढण्यात अर्थ नाही.

ग्रे टाकीची परीक्षा थोडी निराळी आहे. अनेक ट्रेलरमध्ये स्वयंपाकाच्या सिंकखाली, पाईपच्या उभ्या टोकावर एक प्लॅस्टिकची बुटकी झडप बसवलेली असते. पाणी वाहताना ती हवा आत घेते, पण वास बाहेर येऊ देत नाही. तिच्या आतले रबर कालांतराने कडक होते किंवा चिकटून बसते. ही झडप हाताने फिरवून काढावी आणि सिंकमध्ये पाणी सोडावे. पाणी सुरळीत जाऊ लागले तर झडप बदलून पाहावी. ती काही डॉलरांत मिळते, आटे जुळवून हाताने घट्ट बसवता येते आणि पुष्कळदा दुखणे तिथेच संपते. वास येतो पण पाणी तुंबत नाही, अशी तक्रार असेल तर सिंकखालच्या वाकड्या पाईपमधले पाणी सुकले आहे का तेही पाहावे. हिवाळाभर उभ्या ठेवलेल्या ट्रेलरमध्ये हे हमखास होते आणि तांब्याभर पाणी ओतणे एवढाच त्यावरचा उपाय असतो.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. टाकी रिकामी असताना काहीच त्रास नाही, पण ती बरीच भरत आली की बुडबुडे सुरू होतात, असे होत असेल तर वरचे तोंड बुजलेले नसून पाईपच खाली घसरून टाकीत उतरलेला असू शकतो. मैल्याची पातळी त्याच्या खालच्या टोकापर्यंत आली की वाट आपोआप बंद होते. याचा उपाय वेगळा आहे आणि तो पुढे येईल.

चढण्यापूर्वी

कामाच्या आदल्या दिवशी दोन्ही टाक्या रिकाम्या करून धुवाव्यात. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना अडणी लावावी, चारही कोपऱ्यांचे टेकू खाली सोडावेत. छतावर माणसाने चालणे निर्मात्याला मान्य आहे की नाही, हे ट्रेलरच्या पुस्तिकेत पाहावे. मान्य नसेल तर शिडीवरूनच हात पोचेल तेवढे करावे किंवा काम जाणकाराकडे द्यावे. चालण्याजोग्या छतावरही प्लायवुडचा तुकडा टाकून त्यावर गुडघे टेकावेत, म्हणजे वजन पसरते. रबराचे छत दवाने किंवा पावसाने ओले असताना साबण लावल्यासारखे निसरडे होते, म्हणून ते कोरडे होईपर्यंत थांबावे. शिडीची उंची चार फूट असेल तर तिचा पाया एक फूट बाहेर, या प्रमाणात ती टेकवावी आणि तिचे वरचे टोक छताच्या कडेपेक्षा तीन फूट वर येऊ द्यावे. खाली कुणीतरी उभे असलेच पाहिजे.

साहित्यात हातमोजे, चष्मा, टॉर्च, चौकोनी टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर, प्लॅस्टिकची पट्टी, लांब चोचीची पक्कड, टोक वाकवलेली जाड तार आणि हाताने फिरवायचा ड्रेन स्नेक (पाईपमध्ये सोडून अडथळा काढायची लांब लवचिक तार) एवढे पुरते. बंद करण्यासाठी ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), छताच्या प्रकाराला चालणारे आपोआप पसरणारे सीलंट आणि एक नवी टोपी आधीच आणून ठेवावी. उन्हात वर्षानुवर्षे तापलेले प्लॅस्टिक हात लावताच तुटते आणि तोवर दुकान बंद झालेले असते.

या पाईपमधून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू बाहेर पडतात. तोंड पाईपवर धरून आत वाकू नये; वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे नव्हे, कारण हायड्रोजन सल्फाइडने नाकच बधिर होते. जवळ सिगारेट, लायटर किंवा पेटती उदबत्ती नको. घाण ओढून घेण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनर लावण्याचा मोह होतो, पण त्याच्या मोटारीची ठिणगी आणि मिथेन यांची गाठ पडू देऊ नये. फ्रिज गॅसवर चालत असेल तर तो बंद करावा.

टोपी उघडणे

छतावर वातानुकूलन यंत्राचे खोके, पंख्यांच्या चौकोनी झडपा आणि फ्रिजची लांबट जाळी यांच्या गर्दीत व्हेंटची टोपी उपड्या वाटीएवढी लहान दिसते. ब्लॅक टाकीची टोपी साधारणपणे कमोडच्या आसपासच्या छतावर सापडते.

टोपी दोन प्रकारची असते. एका प्रकारात बैठक छताला चिकटलेली राहते आणि वरचे झाकण माथ्यावरचा एक स्क्रू काढून किंवा नुसते खेचून निघते. हे झाकण निघते का, ते आधी नीट पाहावे, कारण तसे असेल तर सीलंटला हातही लावावा लागत नाही. दुसऱ्या प्रकारात टोपी एकसंध असते आणि तिचे स्क्रू सीलंटच्या थराखाली दडलेले असतात. थर उन्हाने किंचित मऊ झाला की प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडेने सोलत जावे. लोखंडी पट्टी वापरल्यास काम भरभर होते आणि छताचे रबरही तितक्याच भरभर फाटते. टोपी निघताच पाईपच्या तोंडात सुतळी बांधलेला फडक्याचा बोळा खुपसावा आणि मगच सुटे स्क्रू गोळा करावेत. टाकीत पडलेला स्क्रू परत मिळत नाही.

आत काय सापडते

सर्वांत जास्त भेटणारी पाहुणी म्हणजे कुंभारीण. आपल्याकडे खिडकीच्या चौकटीत ओल्या मातीची घरे बांधणारी जी माशी दिसते, तिच्याच कुळातल्या गांधीलमाश्या उत्तर अमेरिकेतही उन्हाळ्यात कोणतीही अरुंद नळी बंद करून टाकतात. हा उपद्रव किरकोळ समजू नये: ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधील पुएर्तो प्लाताजवळ १८९ जणांसह समुद्रात कोसळलेल्या बोइंग ७५७ विमानाची वेग मोजणारी नळी अशाच घरट्याने बुजली असावी, असा तपासातील कयास होता. याखेरीज पक्ष्यांच्या काड्या, वाळलेली पाने आणि कधीकधी कारखान्यात पाईप कापताना मागे राहिलेला प्लॅस्टिकचा तुकडा किंवा छतातून पुरेसे न कापलेले भोकही निघते. नव्याकोऱ्या ट्रेलरमध्ये पहिल्या दिवसापासून त्रास असेल तर या शेवटच्या शक्यतेचा विचार आधी करावा.

जिवंत माश्या घोंघावत असतील तर पहाटेच्या गारव्यात काम करावे, तेव्हा त्या सुस्त असतात. बोळा काढून टॉर्चने पाहावे. अडथळा वरच दिसत असेल तर तो खाली ढकलू नये, उचलून बाहेर काढावा. काड्या आणि पाने पक्कडीने किंवा वाकवलेल्या तारेने ओढून घ्यावीत, कारण त्या टाकीत पडल्या तर नंतर व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकतात. मातीचे घरटे मात्र स्क्रू-ड्रायव्हरने फोडून जमेल तेवढे बाहेर काढावे. उरलेले चार कण खाली गेले तरी पाण्याने विरघळून जातात.

अडथळा खोल असेल तर ड्रेन स्नेक घ्यावा. त्याआधी छतापासून टाकीच्या माथ्यापर्यंतची उंची बाहेरून मोजावी आणि स्नेकच्या तारेवर त्या अंतरावर रंगीत टेप गुंडाळावी, म्हणजे टोक टाकीत उतरण्याआधी थांबता येते. टाकीचा तळ आणि पातळी दाखवणारे सेन्सर यांना धक्का लागायला नको. तार हळूहळू फिरवत सोडावी, अडथळा लागला की दोन-तीन फेरे देऊन परत ओढावी, टोक पुसावे आणि पुन्हा सोडावी. ग्रे टाकीचा व्हेंट सिंकच्या पाईपला जोडलेला असल्यास त्याला वळणे असतात. तिथे जोर लावल्यास सांधा निखळतो आणि मग भिंत उघडावी लागते.

पाण्याने धुणे हा शेवटचा टप्पा आहे आणि तो सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागीच करावा. सांडपाण्याचा होज जोडून टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवावा, एकाला कमोडजवळ आणि एकाला होजजवळ उभे करावे आणि वरून बागेच्या होजने हलकी धार सोडावी. पिण्याच्या पाण्याचा पांढरा होज या कामाला कधीही वापरू नये. पाणी वर चढू लागले किंवा कमोडमध्ये दिसू लागले तर धार तत्काळ बंद करावी. प्रेशर वॉशरचे इथे काही काम नाही.

पाईपच घसरलेला असेल तर

पाईप हाताने धरून वर उचलून पाहावा. तो सहज वर येत असेल आणि सोडताच खाली जात असेल, तर टाकीच्या माथ्यावरच्या रबरी कड्यात तो सैल झाला आहे. खालचे टोक टाकीच्या माथ्यातून जेमतेम आत राहील एवढा तो वर घ्यावा, पण कड्यातून पूर्ण बाहेर येऊ देऊ नये. मग छताच्या लाकडाला लागून पाईपभोवती स्टीलचा होज क्लॅम्प आवळावा. तो लाकडावर टेकून पाईपला पुन्हा घसरू देत नाही. पाईप आणि छतातले भोक यांच्यामध्ये फट दिसत असेल तर तीही सीलंटने भरावी. टोपीखालून परत फिरलेला वास अनेकदा या फटीतून छताच्या पोकळीत शिरतो, आणि न्हाणीघरातला पंखा चालू असला की ट्रेलरभर पसरतो.

परीक्षा आणि बंदोबस्त

टोपी बसवण्यापूर्वी पाईपच्या तोंडावर टिश्यू पेपरचा तुकडा सैल धरावा आणि खालच्या माणसाला कमोडमध्ये बादलीभर पाणी एकदम ओतण्यास सांगावे. पेपर वर उडाला म्हणजे वाट मोकळी झाली. तो हलला नाही तर पुन्हा स्नेक घ्यावा.

मग बैठकीखालची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावी. पेट्रोल, रॉकेल किंवा तसला द्रव रबराच्या छतावर वापरू नये, रबर फुगते. बैठकीच्या तळाला ब्यूटाइल टेप लावून टोपी दाबावी, स्क्रू सर्व बाजूंनी सारखे आवळावेत, टेप कडेने किंचित बाहेर आली पाहिजे. नंतर बैठकीच्या कडेवर आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सीलंट सोडावे. घरातले सिलिकॉन उरलेले असले तरी ते लावू नये. त्यावर पुढे दुसरे काहीही चिकटत नाही आणि छत गळू लागल्यावर लाकूड कुजते, ज्याच्यापुढे वासाचा त्रास काहीच नव्हे. माश्यांसाठी जाळी बसवायची असेल तर एक अष्टमांश इंच भोकांची, न गंजणारी घ्यावी. त्याहून बारीक जाळी धुळीने व हिवाळ्यात बर्फाने स्वतःच बुजते.

सीलंटचा वरचा थर लवकर सुकतो, पण ते आतून पक्के व्हायला बरेच दिवस लागतात, म्हणून पुढचे दोन दिवस कोरडे असतील असे पाहूनच काम हाती घ्यावे. पहिला चांगला पाऊस झाला की टॉर्च घेऊन पाईप ज्या कपाटातून जातो त्याचे दार उघडावे आणि छताच्या कोपऱ्याला हात लावून ओल लागते का ते पाहावे.