डिजिटल पियानोचा सूर हुकतो तेव्हा: सेटिंगमधल्या या चुका टाळा

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे जळगावला कानबाई (खानदेशातली देवी) बसते. गेल्या वर्षी रात्रीच्या गाण्यांना माझ्याच डिजिटल पियानोची साथ होती. बायकांचा आवाज काळी पाचमध्ये (म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी सा धरून) मोकळा लागत होता आणि मला वाजवायला पांढरी एक सोयीची, म्हणून मी ट्रान्सपोज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वर-खाली सरकवणारे सेटिंग, उणे दोनवर नेला. रोट झाले, विसर्जन झाले, ट्रान्सपोज मात्र तिथेच राहिला. मंगळवारी शिकायला आलेल्या मुलीने पांढरी एकवर सा धरला, मी शेजारी पेटी उघडली आणि दोन्ही वाद्ये एकमेकांशी भांडू लागली. मी आधी पेटी तपासली, मग मुलीची बोटे. पडद्यावरचा उणे दोनचा आकडा सगळ्यात शेवटी दिसला.

‘कॅसिओ बिघडला’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांचे (आपल्याकडे कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड कॅसिओच असतो) वाद्य बहुधा धडधाकट असते. कोणीतरी एखादे सेटिंग बदलून विसरलेले असते. काही वाद्यांत बंद करताच ट्रान्सपोज शून्यावर येतो, काहींत तो टिकतो, म्हणून बंद करून चालू केल्याने प्रश्न सुटेलच असे नाही.

सर्वांत जास्त गोंधळ ट्रान्सपोज आणि ट्यूनिंग यांत होतो. ट्रान्सपोज अर्ध्या सुराच्या पायऱ्यांनी सरकतो, तर ट्यूनिंग हर्ट्झच्या बारीक फरकाने. घरची जुनी पेटी किंचित चढी असेल आणि ती जुळवण्यासाठी कोणी ट्रान्सपोज एकने वाढवला, तर पियानो पेटीच्याही पुढे निघून जातो. त्याऐवजी आधी ट्रान्सपोज शून्यावर आणावा, मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबावी आणि मोबाईलवरच्या ट्यूनरमध्ये 440 हर्ट्झ दिसतात का ते पाहावे. 392 दिसले तर समजावे, ट्रान्सपोज अजून उणे दोनवरच आहे. मग पेटीची तीच पट्टी मोजावी. ती 443 भरली तर पियानो 443 वर न्यावा, कारण पेटीचे सूर बटण दाबून बदलत नाहीत, ते कारागिराकडून घासून घ्यावे लागतात. ट्यूनर नसेल तर कानही पुरतो: पियानोवर ऑर्गनचा आवाज निवडून (पियानोचा आवाज लगेच विरतो) दोन्ही पट्ट्या एकत्र दाबल्या की तीन हर्ट्झच्या फरकाला आवाज सेकंदाला तीनदा हेलकावतो आणि फरक मिटत जाईल तसा हेलकावा संथ होत थांबतो. पेटी गांधार ट्यूनिंगची (म्हणजे एका ठरावीक सा ला धरून नैसर्गिक अंतरांवर लावलेली) असेल तर मात्र सगळे सूर जुळण्याची अपेक्षा ठेवू नये, कारण पियानोचे बाराही सूर समान अंतरावर लावलेले असतात.

दुसरी चूक टच सेन्सिटिव्हिटीची. ‘सॉफ्ट’ केल्याने पट्ट्या हलक्या होत नाहीत आणि ‘हार्ड’ केल्याने जड होत नाहीत. किती जोराच्या आघाताला किती मोठा आवाज द्यायचा, एवढेच त्याने ठरते. सॉफ्टमध्ये हलक्या बोटालाही मोठा आवाज मिळतो, त्यामुळे लहान मुलांना ते आवडते. ‘फिक्स्ड’ केले की कसेही वाजवा, आवाज एकसारखाच येतो. एका विद्यार्थ्याच्या घरी हे सेटिंग कित्येक महिने तसेच होते, आणि माझ्याकडच्या पियानोवर बसल्यावर त्याची करंगळी ऐकूच येईना. तेव्हा शिकणाऱ्याने मीडियमवर राहावे. आवाज कमी वाटला तर व्हॉल्यूम वाढवावा, टच बदलू नये.

पेडल उलटे चालते, म्हणजे पाय ठेवला की सूर तुटतो आणि उचलला की लांबतो, ही तक्रारही नेहमीची आहे. अनेक वाद्ये चालू होतानाच पेडलची स्थिती ओळखतात, आणि त्या क्षणी पाय पेडलवर असेल तर उलट समजतात. वाद्य बंद करावे, पेडलची पिन नीट बसवावी, पाय बाजूला घ्यावा आणि मगच चालू करावे. तरीही उलटे चालले तर पेडलच्या खाली ध्रुवता बदलण्याचा छोटा स्विच आहे का ते पाहावे.

आवाजच येत नसेल तर आधी हेडफोनची पिन पाहावी. हेडफोन काढून त्याचा जोड तसाच खोबणीत राहिला, तरी स्पीकर गप्प राहतात. तिथे काही नसेल आणि पियानो नुकताच संगणकाला जोडलेला असेल, तर ‘लोकल कंट्रोल’ (पट्टी दाबल्यावर वाद्याने स्वतःचा आवाज द्यायचा की नाही हे ठरवणारे सेटिंग) बहुधा बंद राहिलेला असतो. याउलट रेकॉर्डिंग करताना प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत असेल, तर तोच लोकल कंट्रोल बंद करावा लागतो.

वाजवता वाजवता जरा थांबलो की वाद्य आपोआप बंद पडते, याला लाईटचा किंवा ॲडॅप्टरचा दोष देण्याआधी ऑटो पॉवर ऑफ पाहावे. अनेक मॉडेलांत ते अर्ध्या तासाला लावलेले असते आणि बंद करता येते.

काहीच सापडले नाही तर मूळ सेटिंगवर आणणे हा शेवटचा उपाय. तो पहिला करू नये, कारण काही मॉडेलांत त्याने जतन केलेली रेकॉर्डिंगही पुसली जातात. त्यासाठी कोणती पट्टी किंवा बटण दाबून वाद्य चालू करायचे, हे मॉडेलनुसार बदलते आणि पुस्तिकेत दिलेले असते. आमच्या पियानोच्या कडेला आता एक कागदी पट्टी चिकटवलेली आहे: कानबाई उणे दोन, पेटी 443, क्लास शून्य आणि 440.