पाळीआधी मुलगी घाबरीघुबरी होते? घरच्यांनी या चुका टाळा

नववी-दहावीतली मुलगी एरवी बरी असते, हसते, शिगम्याच्या प्रॅक्टिसला जाते, आणि मग मध्येच चार-सहा दिवस असे येतात की सकाळी कदंबा बस पकडायच्या आधीच पोटात गोळा, छातीत धडधड, "मैत्रिणी माझ्याशी बोलत नाहीत", "मी नापासच होणार", रात्री झोप नाही, आणि पाळी आली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं. घरात याला नावं बरीच मिळतात, नखरे, मोबाईल, कुणाची तरी दिश्ट. मोबाईलचा थोडा हात असेलही, पण दर वेळी हे पाळीच्याच तोंडावर होत असेल तर ती पाळीआधीची अँक्झायटी असू शकते, आणि त्यात घरचे कसे वागतात याने खूप फरक पडतो.

भांडणाच्या मध्येच "तुझी पाळी जवळ आलीय काय?"

ही सगळ्यात कॉमन चूक आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी. तुमचा अंदाज बरोबर असेलही, पण त्या क्षणी मुलीला ऐकू येतं ते एवढंच की मी जे बोलतेय त्याला किंमत नाही. आणि एकदा असं दोन-चारदा झालं की ती सांगणंच बंद करते. मग बसमध्ये कोण त्रास देत असेल, ट्यूशनमध्ये सर सगळ्यांसमोर लागेल असं बोलले असतील, तेही ती सांगत नाही, कारण घरी उत्तर ठरलेलं, हार्मोन्स. पाळीआधी भीती मोठी होते पण भीतीचं कारण प्रत्येक वेळी खोटं नसतं. आधी ऐका, "बरं, मग काय झालं?" एवढं पुरतं. पाळीचा विषय काढायचाच असेल तर पाळी संपल्यावरच्या चांगल्या आठवड्यात काढा, भाजी चिरताना, स्कूटरवर जाताना, सहज. आणि भाऊ किंवा बाबा यावर जोक मारत असतील तर ते तिच्यासमोरच थांबवा.

अंदाजाने ठरवणं

आठवून सांगितलेलं फार फसवं असतं, वाईट दिवस लक्षात राहतात आणि मधले चांगले दिवस विसरतात. म्हणून डॉक्टरसुद्धा रोजच्या रोज लिहिलेली किमान दोन पाळ्यांची नोंद मागतात. मोठं काही नको, कालनिर्णयवर किंवा फोनमधल्या अ‍ॅपमध्ये रोज रात्री भीती, चिडचिड, झोप, रडू, अंगदुखी याला ० ते ३ मार्क द्यायचे, पाळीची तारीख गोल करायची, झालं. पण हे मुलीने स्वतः लिहायचं, आईने नाही. आई लिहायला लागली की ती नोंद राहत नाही, पोलिस केस होते.

यातच अजून एक गोची आहे. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं चक्र २१ पासून ४५ दिवसांपर्यंत कितीही असू शकतं आणि बऱ्याच महिन्यांत अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडतच नाही. हा त्रास बीज बाहेर पडल्यानंतरच्या साधारण दोन आठवड्यांतला, त्यामुळे एखाद्या महिन्यात काहीच होत नाही. आणि मग आपण म्हणतो, "गेल्या महिन्यात कशी ठीक होतीस, आता कसं होतंय?" ती नाटक करत नव्हती, त्या महिन्याचं चक्रच वेगळं होतं.

"रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे काही नाही"

म्हापशाला किंवा मडगावला नेऊन हार्मोन्सच्या टेस्ट करतात, सगळं नॉर्मल येतं, आणि गाडीत परत येताना मुलीला लेक्चर. टेस्ट नॉर्मल येणारच, कारण या त्रासात हार्मोन्स कमी-जास्त नसतात, त्यांच्या नेहमीच्या चढउताराला तिचा मेंदू जास्त रिअ‍ॅक्ट होतो. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात एक पदार्थ बनतो जो बहुतेकांना शांत करतो, काहींना तोच अस्वस्थ करतो असं आता संशोधक मानतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड मात्र बघून घ्या, कारण त्यातली गडबड असली तरी धडधड आणि थकवा येतो.

गोळ्यांचे घरगुती प्रयोग

पोटदुखीसाठी घरात असलेली मेफ्टाल अँक्झायटीवर देऊ नका, ती दुखण्याची गोळी आहे, भीतीची नाही. बी६ चांगलं म्हणून मोठ्या डोसच्या गोळ्या महिनोनमहिने देणंही बरं नाही, जास्त झालं तर हातापायांच्या नसांना त्रास होतो. कॅल्शियमचा काहींना फायदा होतो असं अभ्यासांत दिसलंय, पण तेही आधी ताटातून, दूध-दही, नाचणीचं तिझन, काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे तारले.

आणि आपल्या गोव्याची खास गोष्ट, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. किंवा गावची जत्रा. पाळी नेमकी पूजेत येणार म्हणून फार्मसीतून गोळी आणून पाळी पुढे ढकलायची. ती गोळी हार्मोनचीच असते, काही मुलींचा मूड तिने अजून बिघडतो आणि लिहिलेल्या नोंदीचाही बट्ट्याबोळ होतो. ज्या मुलीला आधीच हा त्रास आहे तिला डॉक्टरांना न विचारता ती देऊ नका. खरं सांगायचं तर माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली, एक माणूस कमी असला तर काही बिघडत नाही, पण हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

चहा-कॉफी आणि अभ्यासासाठी प्यायलेली एनर्जी ड्रिंक्स या दिवसांत कमी करा, धडधड त्याने वाढतेच. झोप या वयात ८ ते १० तास लागते आणि परीक्षेच्या दिवसांत पहिला गळा झोपेचाच कापला जातो.

घाबरण्याचा अ‍ॅटॅक आला की

"शांत हो, काही झालं नाही" असं म्हणून कोणी शांत होत नाही. बाजूला बसा, तुमचाच श्वास हळू करा, तिला सांगा की श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, पाय जमिनीवर टेकव, तोंडावर गार पाणी मार. बहुतेक वेळा थोड्या वेळात उतरतं. दुसऱ्या दिवशी शाळा पूर्ण बुडवू देणं ही पण एक चूक आहे, दर महिन्याला बुडत गेली की शाळेचीच भीती बसते. उशिरा जा, दोन पिरियड बस, पण जा. क्लास टीचरशी किंवा शाळेत काउन्सिलर येत असतील तर त्यांच्याशी मुलीला विचारून बोला, तिच्या पाठीमागे नको.

पाळी आली तरी भीती जात नसेल तर

मग हे फक्त पाळीचं नाही. आधीचीच अँक्झायटी पाळीआधी वाढते असंही होतं, त्याचा उपचार वेगळा असतो. आणि मरण्याचं, स्वतःला इजा करण्याचं बोलली तर "दोन दिवसांत पाळी येईल, मग ठीक होईल" म्हणून थांबायचं नाही, दर महिन्याला बोलत असली तरी नाही. थेट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटी ठेवू नका, घरातल्या गोळ्या आणि बागायतीची औषधं कुलपात घाला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, आणि बांबोळीला आयपीएचबी हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे. त्या नावाला लोक हसतात, हसू देत.

डॉक्टरांकडे जाताना ती नोंद घेऊन जा आणि दहा मिनिटं मुलीला एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. समुपदेशनाने बऱ्याच मुलींना फरक पडतो. त्रास फार असला तर डॉक्टर सेरोटोनिनवर काम करणारी गोळी सुचवतात, कधी कधी फक्त पाळीआधीचे दोन आठवडे. "मेंदूची गोळी" म्हणून लगेच नाही म्हणू नका, पण या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत बारीक लक्ष ठेवायला लागतं, बेचैनी वाढली किंवा नको ते विचार आले तर लगेच फोन करायचा, त्यामुळे कुणाला आणि कुठल्या नंबरवर करायचा ते डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारून घ्या.