पक्ष्याच्या पोटातून आलेलं बी जास्त रुजतं का? घरीच तपासा

पक्ष्याने खाल्लेलं बी हमखास उगवतं, असं सगळेच सांगतात. त्यातला किती वाटा पोटातल्या रसांचा आणि किती नुसता गर निघून गेल्याचा, हे पाहायचं तर बियांचे तीन गट हवेत. बहुतेक जण दोनच करतात आणि तिथेच फसतात.

करवंद यासाठी सोयीचं. मे महिन्यात पन्हाळा-जोतिबाच्या उतारांवर जाळ्या पिकतात आणि बुलबुल त्यांवर तुटून पडतात. बाजारातल्या द्रोणातली करवंदं घेऊ नका, ती दहा जाळ्यांची असतात. ज्या जाळीवर पक्षी येतात तिचीच पिकलेली फळं तोडा.

विष्ठेसाठी जाळीखाली नव्हे, तर पक्षी जिथे नंतर जाऊन बसतात त्या फांदीखाली किंवा तारेखाली पहाटे जुनी पांढरी साडी अंथरा. जाळीखाली अर्धवट खाल्लेली फळं पडतात आणि घोळ होतो. दुपारी हातमोजे आणि मास्क घालून बिया वेचा, फळातल्या बीशी ताडून पाहा, चहाच्या गाळणीत धुवा. पक्षी पकडायचा विचारही नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

आता गट: ५० बिया विष्ठेतल्या, ५० हाताने गर चोळून धुतलेल्या, आणि १५ अख्खी फळं. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया काढणार असाल तर पहिल्या दोन्ही गटांतून काढा. एकातूनच काढल्या तर निकाल आधीच झुकतो. करवंदाचं बी वाळवून ठेवू नका, त्याच दिवशी पेरा.

निम्मी माती, निम्मी वाळू, तळाला भोकं असलेले ट्रे. धुतलेल्या बिया एक सेंटिमीटर खोल, फळं जेमतेम झाकतील एवढी. पाणी तिन्हींना एकाच वेळी, सारखंच. जूनमध्ये कोल्हापूरचा पाऊस ट्रे धुऊन नेतो, म्हणून पत्र्याच्या छपराखाली, पण उजेडात ठेवा. फळांच्या ट्रेमध्ये बुरशी आली तर औषध मारू नका. गर राहिला की बी कुजतं, हेच तर मोजायचं आहे.

दर दोन दिवसांनी मोजा. उगवलेल्या प्रत्येक बीशेजारी टूथपिक रोवा, नाहीतर मेलेलं रोप मोजणीतून निसटतं. शेवटी फळांचा ट्रे उकरून न उगवलेल्या बियाही मोजा, कारण एका फळात किती बिया होत्या ते आधी कळत नाही. मग तिन्हींचे टक्के काढा.

विष्ठेतलं आणि धुतलेलं बी सारखंच उगवलं, पण अख्खी फळं मागे पडली, तर काम गर निघाल्याने झालं. विष्ठेतलं धुतलेल्यापेक्षा स्पष्ट पुढे असेल तर पोटात बीचं कवचही झिजलं असावं. ५० पैकी २७ आणि २४ हा फरक मात्र फरक नव्हे. शक्य असेल तर प्रत्येक गटाचे तीन ट्रे करा.

वड-उंबराच्या बारीक बिया पुरू नका, ओल्या मातीवर नुसत्या भुरभुरा, त्यांना उजेड लागतो. आणि त्या हरियालाच्या विष्ठेत शोधू नका. महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी उंबरं भरपूर खातो, पण त्याच्या पोटातल्या खड्यांच्या जात्यात बहुतेक बियांचं पीठ होतं.