सात सीटर घेताय? आधी मागे जाऊन बसा

लग्न होऊन फैजपूरला आले त्याला अठरा वर्षं झाली. त्यातली बारा मी गाडीच्या शेवटच्या रांगेत काढली. पुढे आमचे हे आणि नाना, मधे आई, भाऊजी आणि असेल तो पाहुणा, मागे आम्ही दोघी जावा. मांडीवर लेकरं, पायाशी पापडांचा डबा. ती गाडी घ्यायला शोरूममध्ये गेले होते नाना, हे आणि भाऊजी. म्हणजे जे तिघं मागे कधीच बसणार नव्हते, नेमके ते तिघं.

गाडीचं नाव सांगत नाही, विकून टाकली आता. पण एक प्रवास सांगते. मे महिन्यात नंदुरबारला लग्न होतं. चोपड्याच्या पुढे ऊन डोक्यावर आलं. पुढे एसी इतका गार की नानांनी उपरणं गुंडाळून घेतलं, आणि मागे वाऱ्याची झुळूक नाही, काच उघडत नाही, शेजारच्या पत्र्याला हात लावला तर चटका. धाकटीला शिरपूरपर्यंत दोनदा ओकारी झाली. रसवंतीवर थांबून तिच्या डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा हे म्हणाले, "अगं, मागे एसी येत नाही का?" सहा वर्षांनी विचारलं!

मागच्या वर्षी दुसरी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी सांगून टाकलं, या वेळी मी येणार आणि टेप घेऊन येणार. दोन महिने जळगाव-भुसावळच्या शोरूम हिंडले. त्यातून जे कळलं ते मागून पुढे असं लिहिते आहे.

शोरूमला जाण्याआधी एक वही घ्या. वर्षभरात गाडी कुठे कुठे गेली आणि प्रत्येक वेळी किती जण होते, ते आठवून लिहा. आमच्या घरात माणसं नऊ: नाना, आई, आम्ही दोघं, भाऊजी, जाऊ आणि तीन मुलं. लिहून काढलं तेव्हा दिसलं की नऊच्या नऊ जण एकत्र निघालो फक्त चार वेळा. एकदा वणीच्या गडावर, बाकी जवळची लग्नं. सहा-सात जण मात्र पंचवीसेक वेळा निघालो होतो. आईंच्या गुडघ्यासाठी जळगाव, माझं माहेर पारोळा, हिवाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या मळ्यातली भरीत-पार्टी. उरलेल्या फेऱ्या दोघा-तिघांच्या. मग चार दिवसांसाठी आठवा-नववा माणूस कोंबायचा कशाला? त्या दिवशी क्रुझर, म्हणजे ती मोठी जीप, भाड्याने सांगायची. आमच्याकडे गडावर जायला निम्मं गाव क्रुझरनेच जातं.

आणि कोंबाकोंबीची सवय तशीही सोडा. गाडीत जितके सीटबेल्टचे पट्टे तितकीच माणसं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपट्ट्याला १००० रुपये दंड आहे आणि १४ वर्षांखालच्या मुलांनाही तो नियम लागू आहे. दंडाचं सोडा, मांडीवरचं लेकरू जोराच्या ब्रेकला हातात राहत नाही. मी एकदा अनुभवलंय, थोडक्यात निभावलं.

आता शोरूम. दार उघडल्यावर पुढच्या सीटवर बसू नका. सेल्समन तिथेच बसवतो, मोठा स्क्रीन लावून दाखवतो, सनरूफ उघडतो. खान्देशात सनरूफ म्हणजे मे महिन्यात टपाला पाडलेलं भोक, एवढंच माझं मत. सरळ मागचं दार गाठा आणि घरातल्या सगळ्यात अडचणीच्या माणसाला तिसऱ्या रांगेत चढवा. आमच्याकडे त्या आई. वय बहात्तर, दोन्ही गुडघे धरलेले, नऊवारी. मधली सीट ओढायला किती जोर लागतो, पाऊल ठेवायला किती जागा मिळते, हाताला धरायला दांडी आहे का, हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. काही गाड्यांत एक खटका दाबला की मधली सीट पुढे कलंडते. किया कॅरेन्समध्ये हे काम बटणावर होतं, एका हातात पिशवी असली तरी जमतं. काही गाड्यांत सीट नुसती पुढे सरकते आणि उरलेल्या फटीतून मांजरासारखं आत शिरावं लागतं. आईंनी तिसऱ्याच गाडीला हात जोडले, "मी क्रुझरनेच बरी."

मग आम्ही उलटा विचार केला. आईंना मधेच बसवायचं आणि मागे जाणाऱ्यांसाठी वाट ठेवायची. म्हणजे मधे दोन सुट्या सीट हव्यात, ज्यांना कॅप्टन सीट म्हणतात. इथे एक गोम आहे. कॅप्टन सीट घेतल्या की बहुतेक गाड्या सहा सीटर होतात, दोन-दोन-दोन. सफारी, कॅरेन्स, स्कॉर्पिओ-एन यांचं तसंच आहे. इनोव्हा क्रिस्टा आणि हायक्रॉसमध्ये मात्र कॅप्टन सीट घेऊनही सात जण बसतात, कारण शेवटच्या रांगेत तिघांची सीट असते. मधे बाकडं घेतलं तर त्याच गाड्या आठ सीटर. हा हिशोब मला तिसऱ्या शोरूममध्ये कळला, तोवर सगळे नुसतं "सात सीटर आहे, वहिनी" एवढंच म्हणत होते. मधे बाकडंच असेल तर आणखी एक बघा. आपण डाव्या बाजूने चढतो, तर डावीकडची सीट कलंडते का? लहान मुलाची वेगळी सीट तिथेच बसवली तर मागची वाट बंद.

मागे बसलात की दहा मिनिटं उठू नका. सेल्समन चहा सांगतो, तो तिथेच मागवून घ्या. मांडीखाली हात घाला. मांडी गादीला टेकत नसेल आणि गुडघे छातीकडे येत असतील तर भुसावळपर्यंत चालेल, नाशिकपर्यंत कंबर जाईल. खाली चासी, म्हणजे वेगळा लोखंडी सांगाडा, असलेल्या उंच गाड्यांत मागची फरशी वर येते, त्यामुळे हे जास्त होतं. डोकं आणि टप यांच्यात एक मूठ बसली पाहिजे, कारण मागची सीट चाकावरच असते आणि खड्डा तिथेच आदळतो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर राहणाऱ्याला हे सांगायला नको. डोक्यामागे मागची काच किती अंतरावर आहे, डोक्याला टेकायला उशी आहे का, खांद्यावरून येणारा पट्टा तिघांनाही आहे का, तेही तिथेच बघा.

बोलेरो आणि बोलेरो निओच्या मागच्या दोन सीट आडव्या आहेत, समोरासमोर बसायच्या. मळ्यात जायला, मजूर सोडायला चालतील, पण मुलांना तिथे बसवून लांबचा प्रवास मी करणार नाही.

एसीचं तर दुपारी दोन वाजताच बघायचं. सकाळी सगळ्याच गाड्या गार असतात. गाडी अर्धा तास उन्हात उभी ठेवायला सांगा, मग एसी लावून मागे बसा आणि शेवटच्या रांगेला स्वतःचं वाऱ्याचं तोंड आहे का ते पाहा. क्रिस्टा आणि कॅरेन्समध्ये ते टपाला आहे. छोट्या ट्रायबरमध्येही मागच्यांची सोय केली आहे, याचं मला कौतुक वाटलं. काही महागड्या गाड्यांत मधल्या रांगेपर्यंतच वारा येतो आणि "वहिनी, पाच मिनिटांत सगळी गाडी गार होते" असं उत्तर मिळतं. हेच उत्तर मागच्या वेळी आमच्या ह्यांना मिळालं होतं. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा काय होतं, ते मी वर लिहिलंच आहे.

सुरक्षिततेचे तारे जरूर बघा. गाडी धडकवून तारे देणारी आपली चाचणी, भारत एनकॅप, २०२३ पासून सुरू झाली आणि सफारी-हॅरियरला त्यात पहिल्यांदा पाच तारे मिळाले. पण त्या धडकेत मोठ्यांचे पुतळे पुढे आणि मुलांचे मधल्या रांगेत असतात, तिसऱ्या रांगेत कोणी नसतं. म्हणून पाच तारे ऐकून थांबू नका, पडद्यासारखी उघडणारी बाजूची एअरबॅग शेवटच्या रांगेपर्यंत पोचते का, ते विचारा. दोन सेल्समनना उत्तर माहीत नव्हतं. एकाने फोन करून विचारलं, तो मला आवडला.

सामानाचं माप लिटरमध्ये देतात. सातही सीट उभ्या असताना अर्टिगात २०९ लिटर, कॅरेन्समध्ये २१६, ट्रायबरमध्ये ८४. आपल्याला लिटर तेल-दुधाचं कळतं, बॅगांचं नाही. म्हणून घरच्याच बॅगा घेऊन जा. मी दोन बॅगा, कुरडयांचा डबा आणि बामणोदच्या वांग्यांची पिशवी घेऊन गेले होते. शोरूममधली पोरं हसली, पण ट्रायबरचं मागचं दार त्यावर लागलं नाही, हेही त्यांनी पाहिलं. ट्रायबरची तिसरी रांग काढून घरी ठेवता येते, त्यामुळे पाच जणांच्या घराला ती उत्तम. चार मीटरच्या आतल्या गाडीत सात माणसं आणि त्यांचं सामान दोन्ही मावणार नाही, हे साधं गणित आहे. सीएनजीची टाकी मागे बसते, म्हणजे उरलीसुरली जागाही गेली. टपावर कॅरिअर लावणार असाल तर टपाला किती किलो चालतं ते गाडीच्या पुस्तकात असतं, ते आधी वाचा.

ट्रायल एकट्याने घेऊ नका, सातही जण भरा. सात जण म्हणजे साडेचारशे किलो, आणि एवढ्या वजनाने गाडीचा स्वभावच बदलतो. आम्ही एका शोरूमवाल्याला पटवून पालच्या घाटाकडे नेली. एसी चालू, सात जण आत, चढावर थांबवून पुन्हा उचलायची. नांदुरीहून वणीचा गड चढताना जे होणार ते असंच कळतं. मग मी ह्यांना आणि भाऊजींना शेवटच्या रांगेत बसवलं आणि रावेरपर्यंत परत आणलं. भाऊजी उतरून पाठ चोळत होते. ती गाडी त्यांनीच यादीतून काढली.

डिझेल की पेट्रोल, यावर घरात आठवडाभर वाद झाला. शेवटी वहीत हिशोब मांडला. वर्षाला १०,००० किलोमीटर. पेट्रोलची गाडी लिटरला ११ देईल, डिझेलची १५, भाव १०५ आणि ९२ धरले. पेट्रोलला साधारण ९५ हजार, डिझेलला ६१ हजार. वर्षाला ३४ हजार वाचतात. डिझेलची गाडी पावणेदोन लाखांनी महाग असेल तर ते पैसे निघायला पाच वर्षं. महाराष्ट्रात डिझेलच्या गाडीला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त लागतो. त्यात नव्या डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. गाडी रोज गावातल्या गावात फिरली तर ती तुंबते, अधूनमधून हायवेवर तापवून आणावी लागते. आमची गाडी आठवड्याला जळगाव करते, म्हणून आम्ही डिझेल धरलं. तुमची सावदा-फैजपूरच करत असेल तर पेट्रोल घ्या.

कराचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, त्यापेक्षा मोठ्यांना ४०. ट्रायबर आणि बोलेरो १८ मध्ये बसतात.

नाही म्हणायला गल्लीचंही माप घ्या. क्रिस्टा पावणेपाच मीटरला थोडी कमी आहे. आमच्या वाड्याच्या दारातून ती वळते की नाही, हे मी अंगणात रांगोळीने चौकोन काढून पाहिलं. आईंनी विचारलं, आज कोणता सण?

आम्ही शेवटी क्रिस्टाच घेतली, सात सीटर, कॅप्टनवाली, वापरलेली, २०१९ ची. वापरलेली घेताना मिस्त्रीला इंजिन बघू द्या, तुम्ही पुन्हा मागेच जा. किलोमीटरचा आकडा खोटा सांगता येतो, शेवटची रांग खोटं बोलत नाही. चाळीस हजार चाललेल्या घरगुती गाडीत मागची गादी मधोमध बसलेली, पट्ट्यांच्या कडा कातरलेल्या आणि दाराच्या प्लास्टिकवर सामानाचे ओरखडे असतील तर ती भाड्याने फिरलेली आहे. आम्ही अशा दोन सोडल्या. मागचा पंखा वेगळा लावून त्याचा आवाज ऐका. चटई उचलून खाली वाळलेला चिखल दिसतो का पाहा. आरसीवर सीटचा आकडा किती, गाडी आधी टॅक्सी पासिंगला होती का, कर्जाचा बोजा उतरला का, विमा कोणाच्या नावावर, हे पैसे देण्याआधी तपासा.

गाडी घरी आली की चालकाच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा. त्यावर हवेचे दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांचा आणि एक भरल्या गाडीचा. सात जण निघणार असाल त्या दिवशी सकाळी, टायर गार असताना, दुसऱ्या आकड्याइतकी हवा भरा. पंपावरचा पोरगा सगळ्यांना एकच आकडा भरतो, त्याला सांगावं लागतं. आमच्याकडे ते काम आता भाऊजी करतात.